पुनर्बांधणी चालू आहे: हरणाऱ्या फूटी क्लबच्या वार्षिक सदस्यत्वाबद्दल

गेली नऊ वर्षे मी, माझे यजमान आणि आमची लेक असे आम्ही तिघे मेलबर्नच्या एका एएफएल क्लबचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलच्या (इथल्या भाषेत ‘फूटी’च्या) राष्ट्रीय लीगमधल्या क्लबचे, वार्षिक सदस्य आहोत. या काळात आमचा क्लब गुणतक्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात क्वचितच दिसला, आणि जेव्हा दिसला तेव्हा पुढच्याच हंगामात खाली घसरला. क्लबचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या काही तक्रारी त्याच्या कार्यालयाविषयी असल्या तरी बाकीचा अनुभव शहरातल्या आणखी तीन-चार क्लबांच्या सदस्यांनाही आपलाच वाटेल. हंगाम संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात नूतनीकरणाचे पत्र येते, आणि दरवर्षी त्या पत्रावर आमच्या घरात चर्चा होते. या सदस्यत्वातून नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि मन कुठे दुखते, हे इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी सविस्तर लिहावे असे यंदा वाटले.

खेळ ज्यांना अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदान लंबगोल असते, प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानावर असतात आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारून थेट पार केला तर गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, म्हणजे एकच गुण. या एका गुणाची किंमत या शहरात सगळ्यांना माहीत आहे, कारण सेंट किल्डा क्लबने 1966 सालच्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडला 74 विरुद्ध 73 असे हरवले ते बॅरी ब्रीनच्या एका बिहाइंडवर, आणि तेच त्या क्लबचे आजवरचे एकमेव विजेतेपद आहे. पडत्या काळातल्या संघाच्या वाट्याला मात्र हा एक गुण फार वेगळ्या रीतीने येतो. आठ गोल आणि सोळा बिहाइंड म्हणजे 64 गुण, तर अकरा गोल आणि चार बिहाइंड म्हणजे 70. चोवीस वेळा नेम धरणारा संघ हरतो आणि पंधरा वेळा धरणारा जिंकतो. असे सामने पाहून घरी परतताना आपला संघ दुबळा आहे असेही मनाला पटत नाही, आणि चांगला आहे असे म्हणण्याचीही सोय राहत नाही.

आता सदस्यत्वाकडे वळते. आमचे पॅकेज अकरा घरच्या सामन्यांचे आहे आणि त्यात डॉकलंड्सच्या मैदानावर दुसऱ्या मजल्यावरची राखीव आसने मिळतात. शिवाय स्कार्फ, टोपी, गाडीला लावायचे स्टिकर आणि फोनवर उघडणारे तिकीट मिळते. तिघांचे मिळून वर्षाला काही शे डॉलर होतात आणि ते हप्त्यांनी भरता येतात. मैदानाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वेरिबी मार्गाच्या गाडीने सदर्न क्रॉस स्थानकावर उतरले की पादचारी पुलावरून चालत पाच-दहा मिनिटांत दारापाशी पोहोचता येते, वर सरकते छप्पर असल्यामुळे जुलैतल्या पावसाची चिंता नसते, आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे मावतील एवढे मैदान असूनही दुसऱ्या मजल्यावरून संघाची मांडणी सुरेख दिसते. प्रतिस्पर्धी संघाचे समर्थक इथे वेगळ्या कुंपणात बसवले जात नाहीत, ते आपल्या मांडीला मांडी लावून बसतात. लहान मूल सोबत असताना हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो.

गेल्या जुलैतला एक सामना सांगते. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच आम्ही सत्तरेक गुणांनी मागे होतो आणि आमच्या रांगेतली निम्मी माणसे गाडी पकडायला निघून गेली होती. छप्पर बंद असल्यामुळे रिकाम्या होणाऱ्या आसनांच्या बैठका वर उचलल्या जाण्याचे खटके स्पष्ट ऐकू येत होते. माझ्या शेजारच्या आसनावर सत्तरीच्या एक बाई बसतात. आमच्या आधीपासून ते आसन त्यांचे आहे. 1912 पासून निघत आलेला ‘फूटी रेकॉर्ड’, म्हणजे सामन्याची छापील पुस्तिका, त्या प्रत्येक सामन्याला विकत घेतात आणि त्यात प्रत्येक गोल करणाऱ्याच्या नावापुढे निळ्या पेनाने खूण करतात. त्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या पानावर खुणांना जागा उरली नव्हती, तरी त्या शेवटच्या सायरनपर्यंत समासात बारीक अक्षरांत नोंद करत राहिल्या. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका नवख्या मुलाने आपला पहिलावहिला गोल केला. मैदानावरचे आमचे सगळे खेळाडू, हरत असतानाही, त्याच्याकडे धावत गेले. बाईंनी त्याच्या नावापुढे खूण केली, तिच्याभोवती एक वर्तुळ काढले आणि पेन पर्समध्ये ठेवले. या सदस्यत्वाचे मूल्य मोजताना मला ते पान हटकून आठवते.

हरण्याचे दुःख असतेच, पण माझी खरी तक्रार हरण्याबद्दल नाही. अठरा संघांच्या स्पर्धेत दरवर्षी एकच संघ विजेता होतो आणि कुणीतरी तळाशी राहून वुडन स्पूनचा मानकरी ठरतो, हे खेळ पाहणाऱ्याने गृहीतच धरावे लागते. माझी तक्रार ‘रिबिल्ड’ या शब्दाबद्दल आहे. आम्ही सदस्य झालो त्या वर्षी क्लबने सांगितले होते की संघाची पुनर्बांधणी सुरू आहे. तीन वर्षांनी प्रशिक्षक बदलला आणि पुनर्बांधणी नव्याने सुरू झाली. त्यानंतर अध्यक्ष बदलले, कार्यक्रमाचे नाव बदलले, आणि पत्रातली वाक्ये मात्र जुनीच राहिली. घर बांधायला दिले तर ठेकेदार पाया कधी भरणार, स्लॅब कधी पडणार आणि ताबा कधी मिळणार, याचे वेळापत्रक देतो, आणि उशीर झाला तर निदान कारण सांगतो. आमच्या क्लबने नऊ वर्षांत एकदाही असे सांगितले नाही की मागच्या वर्षी आम्ही हे ठरवले होते, त्यातले एवढे साधले, एवढे साधले नाही, आणि त्याची कारणे ही आहेत. दर पराभवानंतरच्या सोमवारी सदस्यांना ईमेल येते आणि तीत तरुण खेळाडूंना शिकायला मिळाल्याचे समाधान असते. सदस्याला खेळ कळतो, तो सामना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेला असतो. त्याच्याशी सरळ बोलले तर तो बरेच काही सोसायला तयार असतो, हे क्लबच्या लक्षात कसे येत नाही याचे मला मनापासून आश्चर्य वाटते.

पुनर्बांधणीला वेळ लागतो, याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय क्लबला दोष देणे अन्यायाचे होईल. 1986 पासून लीगमध्ये ड्राफ्टची पद्धत आहे. तळाच्या क्लबला देशभरातल्या नव्या मुलांतून सर्वांत आधी निवड करण्याचा हक्क मिळतो. खेळाडूंच्या एकूण मानधनालाही मर्यादा आहे, त्यामुळे श्रीमंत क्लबला पैशाच्या जोरावर सगळे तारे गोळा करता येत नाहीत. कार्लटनने ही मर्यादा ओलांडल्याचे 2002 साली उघड झाले तेव्हा मोठ्या दंडाबरोबर त्याच्या ड्राफ्टमधल्या निवडीही काढून घेण्यात आल्या, आणि पूर्वी बलाढ्य असलेला तो क्लब पुढची कित्येक वर्षे खालीच राहिला. व्यवस्था न्याय्य आहे, यात शंका नाही. पण ड्राफ्टमधून येतात ती अठरा वर्षांची मुले. उंच, मोक्याच्या जागेवर खेळणाऱ्या मुलाला अंगात ताकद भरून मोठ्या माणसांशी झुंजायला चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत त्याला पर्थ किंवा ॲडलेडचे घर आठवू लागते आणि एखाद्या ऑक्टोबरात तो दुसऱ्या क्लबकडे जायची इच्छा व्यक्त करतो. 2012 पासून एकाच क्लबात आठ हंगाम पूर्ण केलेल्यांना करार संपल्यावर स्वतःहून क्लब निवडण्याची मुभाही मिळाली आहे. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर घरी परतण्याची मागणी रास्त आहे, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला आईवडिलांजवळ राहावेसे वाटले तर त्यात गैर काय. तरीही ज्या मुलाचा पहिला गोल आपण पाहिला, ज्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर वाट पाहिली, त्याला मार्चमध्ये दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत पाहणे हा या सदस्यत्वातला सर्वांत जड क्षण असतो. आमच्या लेकीने ज्याचा क्रमांक पाठीवर शिवून घेतला होता, तो खेळाडू असाच गेला. तो क्रमांक उसवायचा की नाही, यावर ती दोन दिवस विचार करत होती.

ड्राफ्टमुळे आणखी एक त्रास होतो आणि तो बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ऑगस्ट उजाडतो, फायनल्सची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची आशा संपलेली असते, आणि आपल्यासारखाच तळाशी रेंगाळणारा संघ समोर असतो. जिंकलो तर चार गुण मिळतात, पण गुणतक्त्यात एक पायरी वर सरकल्यामुळे ड्राफ्टमधली पहिली निवड हातची जाऊ शकते. अशा सामन्यात स्टँडमध्ये एक विचित्र शांतता असते. माणसे गोलला टाळ्या वाजवतात आणि मग एकमेकांकडे पाहतात. मेलबर्न याच नावाच्या क्लबच्या 2009 च्या हंगामाबद्दल अशीच शंका घेतली गेली, लीगने दीर्घ चौकशी केली आणि 2013 साली मुद्दाम हरल्याचा ठपका न ठेवताही क्लबला पाच लाख डॉलरचा दंड केला. माझे मत या बाबतीत स्पष्ट आहे. समर्थकाने जिंकण्याचीच इच्छा धरावी, कारण मैदानावरचा मुलगा पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी धावत नसतो. पण तसे म्हणत असतानाही सामन्यानंतर आपोआप फोनवर गुणतक्ता उघडला जातो आणि आपण कितव्या निवडीवर आलो हे मी पाहते, हेही खरे आहे.

सामन्यांच्या वेळांबद्दल एवढेच म्हणते की गुरुवार-शुक्रवारच्या रात्रीचे, देशभर पाहिले जाणारे सामने बहुधा वर असलेल्या आणि मोठा चाहतावर्ग असलेल्या क्लबांना मिळतात, आणि आमच्या वाट्याला रविवारची उशिराची दुपार जास्त येते. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलाला घेऊन अंधार पडल्यावर परतायचे असेल तर याचा विचार पॅकेज घेण्याआधी करावा. शिवाय काही क्लब उत्पन्नासाठी घरचे काही सामने दुसऱ्या राज्यात नेतात. हॉथॉर्न 2001 पासून टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला खेळत आला, तर नॉर्थ मेलबर्न 2012 पासून तिथल्याच होबार्टला जाऊ लागला. आपल्या क्लबचे असे किती सामने आहेत आणि त्यांच्या बदल्यात काय मिळते, हे आधी विचारून घ्यावे.

कार्यालयाच्या सेवेचा मात्र आम्हाला चांगलाच मनस्ताप झाला. तीन वर्षांपूर्वी नूतनीकरणानंतर आमची तीन आसने परस्पर विभागली गेली. दोन जागच्या जागी राहिली आणि तिसरे तीन रांगा मागे गेले, कारण आमच्या भागाची नव्याने वर्गवारी झाली होती. फोनवर चाळीस मिनिटे थांबून संपर्क झाला तेव्हा ईमेल करा असे सांगण्यात आले. तीन ईमेलींना आपोआप पाठवले जाणारे एकाच मजकुराचे उत्तर आले. सहा वर्षे एकाच जागी बसणाऱ्या कुटुंबाला ही वागणूक बोचते. शेवटी पाचव्या आठवड्यात एका तरुण कर्मचाऱ्याने स्वतः फोन केला, चूक मान्य केली आणि दोन दिवसांत तिन्ही आसने परत एकत्र करून दिली. त्याचे मला आजही कौतुक वाटते. एका माणसाला दोन दिवसांत जमलेले काम संस्थेला पाच आठवडे जमले नाही, आणि मैदानावरच्या हरण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तळाच्या क्लबला चांगला सेंटर हाफ फॉरवर्ड, म्हणजे आक्रमणाचा मुख्य खेळाडू मिळायला वर्षे लागतील, फोन उचलायला लागू नयेत.

मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात. लेक सात वर्षांची असताना दर सोमवारी गळ्यात स्कार्फ घालून शाळेत जात असे. दहाव्या वर्षी एके दिवशी मी पाहिले की घरातून निघताना तिने तो घडी करून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांचे क्लब त्या वर्षी वर होते. मी तिला काही विचारले नाही. संध्याकाळी मात्र तो परत तिच्या गळ्यात होता, आणि शनिवारी मैदानावर ती नेहमीसारखीच गेली. क्लब बदलण्याचा विषय तिने आजवर काढलेला नाही, मीही काढलेला नाही.

एवढे सगळे असूनही सदस्यत्व का घ्यावे, याचे उत्तर मला या शहराच्या इतिहासात मिळाले. मेलबर्नच्या जुन्या क्लबांत प्रौढ पूर्ण सदस्याला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते, आणि या मताने व वर्गणीने क्लब अक्षरशः वाचलेले आहेत. 1989 साली फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांचे विलीनीकरण जवळजवळ ठरले होते. तेव्हा आयरीन चॅटफिल्ड या सामान्य समर्थक बाईंनी आणि पीटर गॉर्डन या वकिलांनी न्यायालयाकडून मुदत मिळवली आणि पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या लोकांनी दारोदार डबे फिरवून पैसे उभे केले. तोच क्लब पुढे वेस्टर्न बुलडॉग्ज झाला आणि 1954 नंतर थेट 2016 साली, सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये येऊन, त्याने विजेतेपद मिळवले. दुखापतीमुळे कर्णधार बॉब मर्फी त्या सामन्यात खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी व्यासपीठावर बोलावून आपले पदक त्याच्या गळ्यात घातले. हॉथॉर्नच्या सदस्यांनी 1996 साली मेलबर्नबरोबरचे विलीनीकरण मतदानाने नाकारले, आणि त्या क्लबने पुढे 2008, 2013, 2014 आणि 2015 अशी चार विजेतेपदे मिळवली. फिट्झरॉयला मात्र कुणी वाचवू शकले नाही. 1996 च्या सप्टेंबरात पर्थला फ्रीमँटलविरुद्ध तो क्लब शेवटचा सामना खेळला आणि ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. मेलबर्न क्लबच्या समर्थकांची विजेतेपदासाठीची 1964 पासूनची प्रतीक्षा 2021 साली संपली, पण साथीमुळे तो अंतिम सामनाही पर्थला झाला आणि शहरातल्या बहुतेकांना आपल्या बैठकीच्या खोलीतून तो पाहावा लागला. सत्तावन्न वर्षे थांबलेल्या माणसांच्या मनात त्या रात्री काय झाले असेल, याची मला पुरती कल्पना करता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. नव्याने आलेल्यांनी पहिल्या वर्षी तीन सामन्यांचे छोटे पॅकेज घ्यावे, मैदानाच्या दोन-तीन भागांत बसून पाहावे, आणि शेजार जिथे आवडेल तिथेच पुढे राखीव आसन मागावे, कारण संघ, प्रशिक्षक आणि अध्यक्ष बदलत राहतात आणि शेजारची माणसे मात्र टिकतात. हप्त्यांचे नूतनीकरण आपोआप होते, तेव्हा थांबायचे असल्यास ते आठवणीने आधी कळवावे. पूर्ण सदस्य झालात तर मताचा कागद बाजूला टाकू नये. वार्षिक सभेत जाऊन मागच्या वर्षीच्या आश्वासनांचे काय झाले, हे उभे राहून विचारावे. मी यंदा विचारले. उत्तर समाधानकारक नव्हते, पण पुढच्या सभेत आकडे मांडू असे अध्यक्षांनी सर्वांसमोर कबूल केले आहे आणि मी ती तारीख लिहून ठेवली आहे. आसनाला आणि मैदानाला माझे पाचपैकी पाच तारे, कार्यालयाला दोन, आणि क्लबच्या सदस्यांशी बोलण्याच्या पद्धतीला एक.

नव्या हंगामाचा पहिला हप्ता या महिन्यात गेला आहे. आमच्या तिघांतली जागांची अदलाबदल करून लेकीने यंदा शेजारच्या बाईंलगतचे आसन मागून घेतले आहे. रेकॉर्डमधले रकाने कसे भरतात, ते तिला त्यांच्याकडून शिकायचे आहे.